गवंड्याचं रक्त

"काटा रुतलाय, काटा!" गवंडी विटांच्या ढिगावर बसून ओरडत होता.

"काटा अंग घासत खर्रखर्र करत पळाला का मग?" बायकोने कमरेवर हात ठेवले. "फुरसं होतं ते. एवढंसं, पण साप तो साप. माझ्या डोळ्यांदेखत ढिगाखाली गेलं."

"सकाळच्या वेळी तुझे डोळे दुधात असतात."

ऊन नुकतंच विटांवर चढत होतं. कोवळं, पिवळसर, सायीसारखं. त्या उन्हात गवंड्याच्या घोट्यावरचे दोन लाल ठिपके पुसले की पुन्हा उमलत होते. मी त्यांचा शेजारी, कुंपणापलीकडे शेळ्यांना पाला टाकत होतो. त्यांचं भांडण रोजचंच, म्हणून आधी लक्ष दिलं नाही. पण चौथं फडकं लाल झालं, तेव्हा पाला सोडून धावलो.

गवंड्याचं खरं दुखणं घोट्यात नव्हतंच. तीन पुरुष उंच भिंतीवर शीळ घालत चालणारा हा गडी सुईला भ्यायचा. साप म्हटला की दवाखाना आला, दवाखाना म्हटला की सुई आली. त्यापेक्षा काटा बरा.

"पाय टेकायचा नाही," बायकोने दटावलं. आम्ही दोघांनी त्याला उचलून तिच्या दुधाच्या हातगाडीवर, कॅनच्या मधोमध आडवा केला. वाटेत लोक विचारायचे, "आज काय विकायला काढलंय?"

"नासलेलं आहे," ती म्हणायची. "घेता का?"

तोंडाने असं, पण गाडी ओढताना ओठांत धार काढतानाचा सूर होता:

थांब थांब लाल थेंबा, नको ओलांडू उंबरा,
खुळा असला तरी बाई, मला एकुलता नवरा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली तेव्हा गवंड्याने सात पिढ्यांच्या आयांना हाका मारल्या. बाईंनी रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी केली.

"वीस मिनिटं हिला हात लावायचा नाही. मग तिरकी करून बघू. रक्त गोठलं तर ठीक. वाहिलं तर विष भिनलंय, औषध शिरेतून द्यावं लागेल."

"पुन्हा सुई?" गवंडी कण्हला.

"आणि नाही दिलं तर?" बायकोने विचारलं.

"आतल्या आत रक्त वाहायला लागेल, मावशी. मेंदूत वाहिलं तर माझ्या हातात काही उरणार नाही."

बायकोचा चेहरा उतरला. पदर खोचून ती नळीसमोर बसली. "विरजणच की हे. विरजण कसं राखायचं, मला शिकवायला नको." मी माशी हाकलायला फुंकर मारली, तर माझ्या मनगटावर फटका बसला.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. कुणाच्या म्हशीने दुधाच्या कॅनमध्ये तोंड घातलं होतं. आम्ही दोघं धावलो. डॉक्टरीणबाई पलीकडच्या खोलीत एका खोकणाऱ्या आजोबांपाशी होत्या. इकडे उरले गवंडी आणि नळी.

परत आलो तेव्हा वेळ भरली होती. डॉक्टरीणबाईंनी नळी तिरकी केली. रक्त हललं नाही. उपडी केली. तरी नाही.

"गोठलं! चला घरी!" गवंडी उठून बसला.

बायकोने नळी हातात घेतली, उजेडात धरली आणि नखाने टिचकी मारली. टण्.

"बाई, तीस वर्षं दुधातली भेसळ पकडतेय मी. विरजण लागलेलं टण् वाजत नाही." तिने नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. बोटं राखाडी होऊन बाहेर आली. "सिमेंट!"

डॉक्टरीणबाईंनी ती नळी कचऱ्यात टाकली. दुसरी सुई, दुसरी नळी. या वेळी बायकोने नवऱ्याचे दोन्ही हात धरून ठेवले. वीस मिनिटांनी रक्त पाण्यासारखं वाहिलं. एव्हाना गवंड्याच्या हिरड्याही लाल झाल्या होत्या.

"काका," सलाईन लावता लावता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे बारीक चकत्या, धावत येऊन भोकावर रचल्या जातात. त्यांच्यावर धाग्यांची जाळी बसते. या विषाने जाळीचा सगळा माल नको तिथे वापरून संपवलाय. चकत्याही धड चिकटत नाहीत."

"म्हणजे विटा बिघडल्या आणि सिमेंट संपलं?"

"अगदी तसंच."

"मग मी सिमेंटच तर घातलं!"

"नळीत घातलंत हो!" बायको किंचाळली.

"हळू बोला, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर अंगात घालायला निघतील."

औषध थेंब थेंब उतरत राहिलं. पुढचे सहा तास त्याची बायको गायली नाही, भांडली नाही. नुसती त्याच्या उशाशी बसून होती. मला तिच्या भांडणाची सवय. म्हशीने किती दूध प्यायलं ते मी मुद्दाम विचारून पाहिलं, तरी ती भांडेना.

दुपार कलली. तिसरी नळी भरली, वीस मिनिटं झाली. डॉक्टरीणबाईंनी नळी तिच्याच हातात दिली. पदराला बोटं पुसून तिने ती तिरकी केली.

रक्त जागचं हललं नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी मात्र वाहायला लागलं.

"अगं, गोठलंय ना? मग रडतेस काय?" गवंड्याने घाबरून विचारलं.

"गप्प पडा," ती नाक पुसत म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा तुम्ही बांधलेलं काहीतरी गळत नाहीये."