बावीसचं विमान

श्रावण धकाते मनगटावर ग्रीनिचची वेळ बांधून इतवारीत भाजी घ्यायला जायचा. विमानांचा कारभार जगभर त्याच वेळेनं चालतो, आपल्या साडेपाच तास मागं, आणि श्रावण म्हणजे विमानांचा नियंत्रक. म्हणजे उमेदवार. दोनदा परीक्षेत आपटलेला. पण भाजीवालीला ते कुठं माहीत!

"मले विचारल्याशिवाय नागपूरवरून इमान जात नाही," असं तो कोष्टीपुऱ्यात सांगत फिरे. बाप हातमागावरून मान वर न करता म्हणे, "मंग घरी भाजी काहून वेळेवर येत नाही गा?"

बायको गोपिका तर त्या घड्याळाला पार कंटाळली होती. त्याच्यावर भरवसा ठेवून तिची कळमेश्वरची बस दोनदा चुकली होती.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात तिसरी आणि शेवटची परीक्षा आली. नापास झाला की नियंत्रण कक्ष कायमचा बंद. खालच्या खिडकीत बसून वैमानिकांना हवामानाचे कागद वाटायचे. परीक्षक मनोहरराव मागं खुर्ची टाकून बसले. कोणाच्या जिवाशी खेळ होईस्तोवर त्यांनी तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता.

लोकांना वाटतं, नियंत्रकाला विमानं दिसतात. घंटा दिसतात! रडार नव्हतंच. समोर कागदाच्या पट्ट्या. एक पट्टी म्हणजे एक विमान. वैमानिक रेडिओवर सांगणार, अमक्या मिनिटाला नागपूरवर येतो. ते मिनिट तेवढं पट्टीवर लिहायचं, तास लिहायची पद्धत नाही. कोण कोणाच्या किती पुढं, कोण किती उंचावर, हे सगळं डोक्यात ठेवायचं. आणि उन्हाळ्यात तो रेडिओ फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडणार.

भिंतीवरचं घड्याळ सकाळीच दुरुस्तीला उतरवलं होतं. टेबलावर बदलीचं होतं. श्रावणनं त्याच्यापुढं खुशाल रजिस्टर उभं केलं. आपलं असताना सरकारी कशाला?

आधीच्या पाळीच्या ताराचंदनं काम सोपवलं आणि डबा उचलून तो गेला. श्रावणनं मनगट पाहिलं. मिनिटकाटा पस्तीसवर. मद्रासच्या विमानाची पट्टी पाहिली. नागपूर, बावीस. आल्याची खूण नाही.

तेरा मिनिटं उशीर! अन् हा ताराचंद भाकर खाऊन राहिला!

श्रावणच्या अंगात संचारलं. त्यानं विमानाला हाका मारल्या. नुसती मोहरी तडतडली. शेजारच्या केंद्रांना फोन लावले. दुसऱ्या विमानाला निरोप दिला, बाबा, तू तरी हाक मार. शेवटी अग्निशमनवाल्या चंपतरावांना बंब काढायला लावला. खालून चंपतराव ओरडले, "अरे पण पडलं कुठं गा?"

"तेच पाहून राहिलो!"

मागं मनोहररावांनी कागदावर काहीतरी टिपलं.

तेवढ्यात मोहरी थांबली आणि स्वच्छ आवाज आला. मद्रासचं विमान नागपूरवर, मिनिट बावीस, वेळेवर.

श्रावणचा काटा बावन्नवर होता. आता तरी माणसानं गप्प बसावं की नाही? त्यानं वैमानिकालाच इंग्रजीत सुनावलं, तुमचं घड्याळ तीस मिनिटं मागं आहे, तपासून घ्या.

वैमानिक गोड आवाजात म्हणाला, "नागपूर, तुमचंच तपासा."

मनोहररावांनी उठून रजिस्टर बाजूला केलं. मागचं सरकारी घड्याळ बरोबर नऊ बावीस दाखवत होतं.

"धकाते, तुमचं पाहू." त्यांनी मनगट धरलं. "दोन बावन्न. हा तं आपला घरचा टाइम आहे. तासकाटा कधी पाहता काय तुम्ही?"

दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"कोनं लावलं हे?"

"घड्याळ माझं आहे साहेब," श्रावण म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं तेवढं एकच वाक्य शहाणपणाचं. मनोहररावांनी मान हलवली आणि कागदावर 'अनुत्तीर्ण' लिहिलं. खाली चंपतराव बंब परत लावताना शिव्या घालत होते, त्या दुसऱ्या मजल्यावर शब्दनशब्द ऐकू येत होत्या.

संध्याकाळी घरी गोपिकेनं पाणी दिलं. "झाले काय पास?"

"नाही. उद्यापासून खिडकीत."

"अगं माय! काहून? आज तं घड्याळ बी बरोबर होतं. तुमी आंघोळीले गेले तवा मीनंच लावलं, रेडिओवर टाइम ऐकून. आज बस भेटली मले."

श्रावणनं तोंड उघडलं. बापानं माग थांबवून त्याच्याकडं पाहिलं. श्रावणनं तोंड मिटलं, मनगट पुढं केलं आणि पाहिलं. आधी तासकाटा. सव्वासहा.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "भाजी काय आणू?"