शेवटच्या खणाची किल्ली

आमच्या घरात हट्टी माणसं दोनच आहेत, पण घरात माणसंच तीन. तिसरी मी. मी घरबसल्या कपडे दुरुस्त करते. कुणाची उसवलेली शिवण असते, कुणाची लांब झालेली पँट, आणि उरलेल्या वेळात ह्या बापलेकीची भांडणं. शिवण जुळते. ह्या दोघांचं कापडच असं की टाका घालावा तर शेजारून फाटतं.

ह्यांचं कुलूप-किल्लीचं दुकान आमच्याच रस्त्याच्या टोकाला आहे. दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढंच. आत किल्ल्या कापायचं यंत्र, कानशी, भिंतभर कोऱ्या किल्ल्या आणि कोपऱ्यात एक मोठा खिळा. लोक किल्ली करायला टाकतात आणि न्यायला येतच नाहीत, त्या सगळ्या त्या खिळ्याला. मी कितीदा म्हटलं, मोडीत काढा. हे म्हणतात, कुणाचं तरी दार आहे ते, आज ना उद्या येतील.

लेकीचं लाडाचं नाव खिट्टी. नुकती चालायला लागली होती तेव्हा तिने स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलं होतं. जगाची दारं उघडणारा माणूस स्वतःच्या न्हाणीघरापुढे घामाघूम झाला होता, आणि आतून पोर खिदळत होती. तेव्हापासून ती खिट्टी. मोठी झाली तशी दुकानात बापाच्या शेजारी स्टुलावर बसून ती वाकड्या तारेने कुलपं उघडायला शिकली. मी नाक मुरडायचे. पण ह्यांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असायचा.

आता ते कपाट. औषधांचं एक जुनं दुकान बंद झालं तेव्हा हे तिथलं छोट्या छोट्या खणांचं कपाट घरी घेऊन आले. मोडीतल्या कुलपांतून निवडून त्यांनी प्रत्येक खणाला एक बारकं कुलूप बसवलं. दर डिसेंबरात नाताळपर्यंत प्रत्येक संध्याकाळी एक खण. सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात, कुठली कुठल्या खणाची याची काही खूण नाही. आधी किल्ली शोधायची, मग खण उघडायचा, आणि आत चिठ्ठी निघेल ते तिघांनी मिळून करायचं. महागडी हौस परवडणाऱ्यातलं आमचं घर नव्हे, पण त्या दिवसांत ते कधी जाणवलं नाही.

चिठ्ठ्या ह्यांच्या डोक्यातून निघालेल्या. आज रस्त्याने फिरून लोकांच्या खिडक्यांतली सजावट बघायची आणि सगळ्यात वाईट कुणाची ते ठरवायचं. आज वर्तमानपत्राचे तारे करायचे, ज्याचा तारा बेडकासारखा होईल त्याने भांडी घासायची. आज स्वयंपाक खिट्टी करणार, आईने मध्ये बोलायचं नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं. एकदा चिठ्ठी निघाली की बाबांनी खिट्टीची गाणी तोंड वाकडं न करता ऐकायची. दुसऱ्याच गाण्याला हे हरले.

आणि चिठ्ठी रोज सकाळी लिहिली जायची, त्या दिवसापुरती. आदल्या रात्री पोर खोकली असेल तर संध्याकाळी खणातून निघायचं, आज तिघांनी एकाच चादरीखाली वाफ घ्यायची. तिची परीक्षा असेल तर निघायचं, आज खेळ नाही, आईबाबांनी आवाज न करता बसायचं. पोरीला वाटायचं बाबांना आधीच कसं कळतं. मला माहीत होतं, कारण दाढी उरकली की हे आरशापुढेच उभे राहून लिहीत असत. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं, म्हणून मी गप्प होते.

खिट्टी सतराची झाली त्या वर्षीची ही गोष्ट. नव्या वर्षापासून ती दूरच्या शहरात शिकायला जाणार होती, वसतिगृहात. ह्यांच्या दृष्टीने तो खणांचा शेवटचा महिना. तिच्या दृष्टीने मैत्रिणींबरोबरचा शेवटचा महिना. दोघांचंही बरोबर होतं, आणि तिथेच घोडं अडलं. पहिले काही खण तिने उघडले, मग एक संध्याकाळ चुकली, मग दुसरी. ह्यांचा नियम होता की शिळा खण उघडायचा नाही. तो बंदच राहायचा. कपाटात तसे बंद खण दिसायला लागले आणि हे जेवताना त्या कपाटाकडे पाठ करून बसायला लागले. बोलायचं मात्र नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची ह्यांची जुनी खोड.

एका दुपारी मी कपडे पोचवायला बाहेर गेले होते. खिट्टीने तार घेतली आणि दुसऱ्या दिवसापासूनचे सगळे खण उघडून टाकले. तिचा विचार साधा होता. सगळ्या चिठ्ठ्या एकदम वाचायच्या, जमेल ते एका रविवारी उरकायचं, म्हणजे बाबाही खूश आणि रोजची संध्याकाळही मोकळी. खण रिकामे निघाले. एकूण एक. मी परत आले तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि चेहरा असा, की मला आधी वाटलं कुणी गेल्याचा फोन आलाय.

"बाबांनी सोडून दिलं," ती म्हणाली. "रोज कपाटाकडे पाठ करून मला अपराधी ठरवतात, आणि आत काही ठेवलेलंच नाही."

तेव्हा मी वचन मोडलं. चिठ्ठी रोज सकाळी लिहितात हे तिला सांगितलं. ती उठली. मग खण एकेक करून लावायला लागली. पण तोवर रागाच्या भरात तिने मैत्रिणीला फोन करून टाकला होता. ही जिथे शिकायला जाणार होती, त्याच शहरात मैत्रिणीचे आईवडील राहत होते. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांची गाडी मैत्रिणीला घेऊन निघणार होती आणि त्यात हिने स्वतःची जागा ठरवली होती. आता नाही कसं म्हणू, म्हणाली. जायचं ठरलं ते ठरलंच.

संध्याकाळी हे आले. कपाटापुढे वाकले, चष्मा वर केला, एका कुलपावर बोट फिरवलं. तारेचे ओरखडे. दुसऱ्या कुणाला दिसले नसते. ती लवकर जाणार हे मी सांगितलं, तिला चिठ्ठ्यांचं कळलंय हेही सांगितलं. हे हं म्हणाले आणि हात धुवायला गेले. ती माफी मागायला त्यांच्या मागे मागे स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि पाणी पिऊन परत आली. दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरलेली. खाण तशी माती.

पण त्यानंतरच्या संध्याकाळी ती घरी थांबली. खण उघडले. एके दिवशी आम्ही जुन्या फोटोंवर खोटे मथळे लिहिले आणि हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. मला वाटलं, निभावलं.

शेवटच्या दिवशी सकाळी बघते तर शेवटच्या खणाला वेगळंच कुलूप. दुकानातलं सगळ्यात अवघड, जे स्वतः ह्यांनाही किल्लीवाचून उघडायला अर्धा दिवस लागला असता. जुडग्यात त्याची किल्ली नव्हती. किल्ली खिशात घालून हे दुकानात निघून गेले होते.

खिट्टीने कुलूप पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "बघ, बाबांनी मला कोडं घातलंय," म्हणाली. तिच्या मते ती क्षमा होती. तारेने उघडलेस ना, मग हेही उघडून दाखव. तिने सामान भरायचं टाकलं आणि तार घेऊन बसली. मी म्हटलं, अगं जा ना, दुकान कुठे लांब आहे, मागून घे. ती म्हणाली, "मागितली तर त्यात काय मजा? त्यांनीच शिकवलंय मला. उघडून दाखवते आणि मग चिठ्ठी घेऊनच दुकानात जाते."

मी ह्यांना फोन केला. पोर कुलपाशी झटतेय, जरा या, म्हटलं. ते म्हणाले, "ते तिला नाही उघडायचं. येईल ती मागायला. मी थांबलोय." मी म्हटलं, तिला तसं वाटत नाहीये. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. म्हणाले, "एकदा तिने माझ्याकडे यावं गं. मीच किती जायचं?" तेही मी तिला सांगितलं. "येतेच आहे, झालंच," ती म्हणाली, आणि मान काही वर केली नाही.

दुपारी तार आत तुटली. कट्‍ असा आवाज झाला आणि खिट्टी हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे बघत राहिली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. तिने घाईघाईने बॅग भरली, मला मिठी मारली. मी म्हटलं, दुकानापाशी गाडी थांबव. हो म्हणाली. गाडी थांबली नाही. पुढे मैत्रिणीचे वडील होते, त्यांना उशीर झाला होता, आणि मोडलेलं कुलूप घेऊन बापाला तोंड काय दाखवायचं, असं तिने मला नंतर फोनवर सांगितलं. बाबाच घरी येतील असं मला वाटत होतं, हेही म्हणाली. हे दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. त्या दिवशी एक किल्ली त्यांनी चुकीची कापली, जे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. गाडी त्यांनी पाहिली. मागच्या काचेतून एक हात हललेलाही पाहिला.

घरी येऊन त्यांनी खिशातली किल्ली कुलपाला लावली. आत तुकडा अडकलेला, किल्ली जाईना. बारीक चिमट्याने तो काढायला त्यांना काही फार वेळ लागला नसता, पण त्यांनी तसाच राहू दिला. नाताळ गेला, वर्ष बदललं, तरी तसाच. मग एका रविवारी मीच चिमटा हातात दिला.

खणात चिठ्ठी नव्हती. आमच्या घराच्या दाराची किल्ली होती, नवी कापलेली, कडा इतक्या घासलेल्या की बोटाला बोचू नयेत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या घरात पोरीची स्वतःची किल्ली कधी नव्हतीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी कायम मशिनवर बसलेली, दार नुसतं लोटलेलं, ती यायची ती खांद्याने दार ढकलून. किल्ली लागणार कशाला? पण जाणाऱ्या माणसाला लागते. मी म्हटलं, पाठवून द्या तिला. हे म्हणाले, असली वस्तू हातात द्यायची असते. मला रडू आलं आणि रागही आला, आणि कुठलं आधी आलं ते सांगता येणार नाही.

वर्षभर ती फोनवर भेटत राहिली. बापाशी बोलायची, हवापाणी, अभ्यास, जेवलास का, जेवलीस का. मध्ये दोनदा येणार होती, जमलं नाही. पुढच्या नाताळला आली, दोनच दिवसांसाठी. ह्यांनी कपाट पुसून ठेवलं होतं. एकाच खणाला कुलूप घातलं होतं, साधंसं, लहान मूलही उघडेल असं, आणि किल्ली कुलपालाच लावून ठेवली होती.

संध्याकाळी आम्ही दोघं वाट बघत बसलो होतो. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. आणि बेल वाजली. हे उठले, मला वाटलं गिऱ्हाईक असेल. दारात खिट्टी उभी होती, केस कापलेले, पाहुण्यासारखी पायपुसण्याच्या पलीकडे.

"अगं, उघडंच होतं," हे म्हणाले.

"हो का? मला वाटलं, बेल वाजवावी," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर तिने खण उघडला. किल्ली हातात घेतली, कडांवरून अंगठा फिरवला. कशाची ते तिला लगेच कळलं, शेवटी त्यांचीच पोर. ती उठून बापाजवळ बसली, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.  मी उगाचच ताटं आवरायला लागले.

मग तिने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली. "इथेच राहू दे, बाबा," ती अगदी प्रेमाने म्हणाली. "माझी खोली सारखी बदलते. माझ्याकडून हरवेल तिकडे."

"हरवली तर दुसरी कापून देईन की," हे म्हणाले. ती हसली. पण किल्ली काही उचलली नाही.

ती गेल्यावर मी ह्यांचा डबा घेऊन दुकानात गेले. हे यंत्रावर वाकून कुणाची तरी किल्ली कापत होते. कोपऱ्यातल्या खिळ्याकडे माझं लक्ष गेलं. न नेलेल्या किल्ल्यांच्या सगळ्यात वर आमच्या दाराची किल्ली होती.