तिसरी ओळ

शाळेच्या पुस्तकांची प्रुफं नवराबायको घरीच तपासत. ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची, तो छापील कागदावर लाल पेन धरून डोळ्यांत तेल घालून पाहायचा, आणि त्याच जेवणाच्या टेबलाखाली त्यांची आठ वर्षांची एकुलती एक लेक भिंगरी चपला भिरकावून काहीतरी गिरवत बसलेली असायची. बायकोचा नियम एकच होता: मूळ प्रतीत नाही ते प्रुफात नको. या नियमापुढे ती लेखकांचंसुद्धा चालू देत नसे.

त्या दुपारी ग्रहांचा तक्ता आला.

"बुध, एक. शुक्र, दोन. पृथ्वी, चार," ती वाचत गेली.

"तीन," तो हसून म्हणाला. "झोप आलीय तुला."

"चारच आहे."

त्याने प्रत ओढून घेतली. खरंच चार होतं, मंगळ पाच, आणि असं करत करत नेपच्यून नऊ; शुक्राच्या खाली तीनचा आकडा होता आणि त्यापुढे नुसती कोरी जागा. लेखकाला डुलकी लागली असणार, असं म्हणून त्याने प्रुफातली ती ओळ खोडली, पुढचे सगळे आकडे एकेकाने कमी केले आणि कागद छापखान्यात धाडला.

दोन दिवसांनी नवं प्रूफ आलं ते चुकीसकट. सोबत जुना कागदही होता. छापखान्यातला अक्षरं जुळवणारा जुळारी फोनवर कावला.

"साहेब, तुम्हीच खोडता आणि तुम्हीच खाली टिंबं देता. आम्ही करायचं काय?"

खोडलेलं तसंच राहू द्यायचं असलं की त्याखाली टिंबं द्यायची, ही त्यांच्या धंद्यातली खूण. त्याने जुना कागद पाहिला. तिसऱ्या ओळीखाली लाल टिंबांची रांग होती, गोल गोल, फार जपून काढलेली. त्याने भिंगरीला टेबलाखालून बाहेर बोलावलं.

"हे तू केलंस?"

"ती ओळ काढू नका ना, बाबा."

"का गं?"

"मग तिसऱ्याने कुठे जायचं?"

त्याला हसूही आलं आणि रागही आला. शाळाभर पृथ्वी चौथी झाली असती तर नाव त्याचं गेलं असतं. तो तिला नको तेवढं बोलला. ती रडली नाही, परत टेबलाखाली जाऊन बसली, आणि ते त्याला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मात्र तो स्वतः छापखान्यात गेला, जुळाऱ्याच्या मानगुटीवर बसून दुरुस्ती करून घेतली आणि पान छापून झाल्यावरच उठला.

घरी आला तेव्हा बायको जेवायला वाढत होती. टेबलावर दोन ताटं होती.

"भिंगरी कुठाय?"

"कोण?" तिने विचारलं.

तो वाकला. टेबलाखाली फरशी स्वच्छ होती. आतल्या खोलीत तिच्या पलंगाच्या जागी एक कपाट होतं, इस्त्रीचं टेबल होतं, आणि ती दोन्ही तिथे वर्षानुवर्षं असावीत तशी त्यांच्या पायांखाली धूळ होती. ते पान थांबवायला त्याने छापखान्याला फोन लावला.

"गठ्ठे गेले, साहेब," जुळारी म्हणाला. "आता काय राहिलंय?"

तो परत टेबलापाशी आला. तिसऱ्या बाजूला खुर्चीसुद्धा नव्हती. त्याने लाल पेन उघडलं आणि तिथे, रिकाम्या कडेला, एकेक टिंब द्यायला लागला, गोल गोल, जपून.

बायकोने ओलं फडकं आणलं.

"मूळ प्रतीत नाही ते," ती हळूच म्हणाली, आणि पुसून घेतलं.