पाच सूत, साडेचार सूत

मी एक जुने ड्रिल मशीन आहे. मित्रांनो, लोखंडाला भोक पाडणे एवढेच मला येते. पण ते काम मी वर्षानुवर्षे इमानाने केले. दूर पंजाबातल्या एका कारखान्यात माझा बिडाचा देह ओतला गेला. जामखेडला वीज आली, त्यानंतर भिमाजी मिस्तरींनी मला ट्रकमधून उतरवून आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये रोवले. नांगर, मोटेची चाके, इंजिनाच्या पट्ट्या, कितीतरी गोष्टींना मी भोके पाडली. "भिमाजीचं भोक म्हंजे सुईचं नाक!" असे लोक म्हणत, आणि मला ते माझेच कौतुक वाटे.

माझ्या फिरत्या दांड्याला स्पिंडल म्हणतात. त्याचे खालचे टोक गाजरासारखे निमुळते असते. त्यावर चक बसतो. चक म्हणजे ड्रिल पकडणारी मूठ. बहात्तरच्या दुष्काळात माझी ती मूठ झिजली. ड्रिल थरथरू लागले, भोके लंबगोल पडू लागली. मी करकरत होते, पण कामाच्या रेट्यात कोण ऐकणार?

अशात जवळच्या वाडीवरून लंकाबाई आली. वाडीच्या एकुलत्या एका हापशाचे बूड तडकले होते.

"डबक्यातलं पानी पितोय आमी, मिस्तरी," ती म्हणाली. "नात जुलाबानं आडवी पडलीया. लौकर करा काई."

बुडाला नवी जाड लोखंडी पाटी हवी होती आणि तिला चार नेमकी भोके. मिस्तरींनी पाचरी ठोकून माझा जुना चक काढला, टोकाच्या जाड भागाला माप लावले. पाच सूत भरले; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुकानात तेवढेच सांगून त्यांनी नगरहून चक आणला. तो सैल बसला. तरीही त्यांनी मधे पत्र्याची पट्टी घालून तो ठोकून बसवला आणि मला चालू केले.

दुसऱ्याच भोकाला चक उडाला. मिस्तरींच्या उजव्या हाताची दोन बोटे चेचली.

मित्रांनो, ते रक्त माझ्या टेबलावर सांडले. त्यानंतर मिस्तरी माझ्याकडे बघेनात. माझ्यावर गोणपाट पडले. "भंगारात घाला त्याला," एवढेच ते म्हणाले. हापसा तसाच पडून राहिला.

आठव्या दिवशी त्यांच्या पत्नी गोजरबाई शेडमध्ये आल्या आणि त्यांनी गोणपाट ओढून काढले.

"मशीनचा काय गुन्हा?" त्या म्हणाल्या. "ह्ये टोक खाली बारीक हुत गेलंय. तुमी माप एकाच जागी घेतलं. बारकं टोक मोजलं व्हतं का?"

मिस्तरींनी वाकून ते टोक पाहिले. मग हळूच म्हणाले, "न्हाई."

गोजरबाईंनी रॉकेलच्या चिंधीने माझे टोक लख्ख पुसले. जाडी मोजायचा चिमटा, कॅलिपर, त्यांनी धरला, आकडा मिस्तरींनी वाचला. जाड टोक पाच सूत, बारीक टोक साडेचार सुताला केसभर कमी, लांबी एक इंच. मिस्तरींनी हे डाव्या हाताने वेडेवाकडे लिहिलेला कागद घेऊन गोजरबाई एकट्याच एसटीने नगरला गेल्या. तिथे काय झाले ते त्यांनी परत येऊन मिस्तरींना सांगितले.

दुकानदार राधाकृष्ण यांनी जुन्या पुस्तकातला तक्ता काढला. "बाई, तुमच्या मशीनचा टेपर, म्हणजे टोकाचा निमुळतेपणा, तेहेतीस नंबरचा. मागं नेलेला चक सहा नंबरचा. पाच सूत दोन्हींत आहे. पण तुमचं ते रुंद टोक, अन् सहा नंबरचं ते अरुंद टोक. म्हणून सैल बसला."

नवा चक आल्यावरही गोजरबाईंनी घाई केली नाही. माझ्या टोकावर त्यांनी काजळाची रेघ ओढली, चक हाताने दाबून फिरवला आणि काढून पाहिला. काजळ वरपासून खालपर्यंत सारखे पसरले होते, म्हणजे चक सगळीकडून टेकत होता. तेव्हाच त्यांनी चक घट्ट बसवला. त्या दिवशी ड्रिल खाली नेणारा माझा बाजूचा दांडा गोजरबाईंनी ओढला. शेजारी उभे राहून मिस्तरी सांगत होते, "दमानं... आता सोड." चारही भोके गोल उतरली.

वाडीवर काय घडले ते मी त्या दोघांच्या बोलण्यातून ऐकले. पाटी बसली, हापसा चालू झाला. बाया घागरी घेऊन पुढे सरसावल्या, तेव्हा मिस्तरी म्हणाले, "जरा थांबा. हे आठ-धा दिस तुमी डबक्यातलं पानी प्यालात, त्ये माझ्या चुकीनं. माप मी अर्धंच घेतलं व्हतं."

कडेवर नात घेतलेली लंकाबाई पुढे आली. पोरगी काडीसारखी झाली होती, पण डोळे उघडे होते. लंकाबाईने पहिला तांब्या मिस्तरींच्या डाव्या हातात दिला.

"आधी पी बाबा," ती म्हणाली.

मिस्तरींची ती दोन बोटे पुन्हा कधीच वळली नाहीत.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नाही. आम्ही थरथरतो, करकरतो. तेच आमचे बोलणे. ते वेळेवर ऐका. आम्हाला पुसा, तेल द्या. आणि घाई कितीही असली तरी माप पुरते घ्या. अर्ध्या मापाचे दुःख मोजणाऱ्याच्या हातापाशी थांबत नाही. ते कुठल्या तरी वाडीवर, कुणाच्या तरी लेकरापर्यंत जाऊन पोचते.