व्हायवाचं पाणी

पीएच.डी.ची शेवटची परीक्षा फळ्यासमोर होते असं ज्याला वाटतं, त्याने ती दिलेली नसते. ती होते जेवणाच्या पानावर. बाहेरगावचा परीक्षक येतो, सकाळभर उलटसुलट विचारतो, मग त्याला उमेदवाराने जेवू घालायचं आणि भरल्या पोटी अहवालावर सह्या व्हायच्या. हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही, म्हणून ते मोडायची कुणाची छाती होत नाही.

साहेबराव सोनकांबळे लातूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. मूळचे कंधारकडचे. वडील ग्यानोबा यांनी छप्पन्न साली घरातले देव तळ्यात सोडले आणि पोराच्या हातात पाटी दिली. त्या पाटीवरून साहेबराव थेट अणूपर्यंत आले. अणूत एकच इलेक्ट्रॉन असेल तर गणित सुटतं. दुसरा आला की बिनसतं. दोघं एकमेकांना रेटतात आणि नेमकं उत्तर कुणाच्याच बापाला काढता येत नाही. मग प्रतिमान मांडायचं, म्हणजे चक्क काहीतरी धरून चालायचं.

त्यांचे मार्गदर्शक वसंतराव सर धरून चालत, की प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांची सरासरी गर्दी तेवढी जाणवते. साहेबरावांनी हट्ट धरला, की एक सरकला की दुसऱ्याला ते कळतं, तेव्हा जोडी म्हणूनच बघायचं. सर महिनाभर भांडले आणि एके दिवशी खडू खाली ठेवून म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. माझी रीत चुकते." शिष्यासमोर असं म्हणणारा गुरू मिळायला नशीब लागतं. साहेबरावांना ते मिळालं होतं, आणि त्यासाठी ते सरांवर जीव टाकत.

व्हायवाची तारीख ठरली ती भर उन्हाळ्यात. लातूर जिल्हा होऊन वर्ष व्हायचं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या झळकत होत्या आणि नळाला पाण्याचा थेंब नव्हता. साहेबरावांच्या गल्लीत टँकर दिवसाआड यायचा. आई सरजाबाईने आमटीसाठी येसराचा मसाला भाजून ठेवला होता. मोठे साहेब घरी जेवायला येणार म्हणून शेजारणीकडून स्टीलची ताटंही आणली होती.

"साहेबराव, आईंना कशाला त्रास?" सर म्हणाले. "तुमच्याकडे पाण्याची ओरड. परीक्षक मद्रासचे, त्यांच्या पोटाचं काही झालं तर नसतं लचांड. तुम्ही शिधा पाठवा, आमच्याकडे हिच्या हातचं होईल."

साहेबरावांना घरी आणून ठेवलेली ताटं आठवली. पण पाणी खरोखरच नव्हतं. खोटं कारण तोंडावर फेकता येतं, खऱ्या कारणाचं काय करणार? ते "बरं सर" म्हणाले.

सरजाबाईने ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यात भलताच प्रकाश पडला. "पान्यासाठी अडलं व्हय? मंग पानी बी देऊ की. पाव्हणे आपले, मंग सरायच्या आडाचं पानी का आटवायचं?"

"आई, नगं."

"तुला न्हाई कळत. तू गणितं कर."

व्हायवाच्या दिवशी पहाटेच ती टँकरवर जाऊन भांडली, दोन पितळी घागरी भरल्या आणि पाणी फडक्याने गाळून घेतलं. घागरींवर नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं, ग्यानोबा सोनकांबळे, कंधार. तूरडाळ, तांदूळ, तूप आणि त्या घागरी घेऊन साहेबराव रिक्षाने सरांच्या घरी पोचले. सरांच्या पत्नी सौदामिनीकाकूंनी डाळ पाखडून बघितली, छान आहे म्हणाल्या. घागरींकडे पाहून जरा थबकल्या. "अगं बाई, पाणी कशाला? असू दे, मागच्या दारी ठेवा."

परीक्षा झकास झाली. शेवटी परीक्षकांनी इंग्रजीतून विचारलं, "तुमच्या प्रतिमानातल्या दोन इलेक्ट्रॉनांची मी अदलाबदल केली तर?"

"गणितात एक चिन्ह बदलेल," साहेबराव म्हणाले. "मोजता येईल असं काहीच बदलणार नाही. इलेक्ट्रॉनवर खूण करता येत नाही. हा कुठला आणि तो कुठला, हा प्रश्नच तिथे विचारता येत नाही."

सरांनी कौतुकाने मान डोलावली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं. साहेबरावांना पुढे सगळ्यात जास्त सलत राहिलं ते हेच.

जेवायच्या आधी हात धुवायला साहेबराव मागच्या दारी गेले. एक घागर मोगऱ्याच्या आळ्यात पालथी पडली होती. दुसरी सरांकडची मोलकरीण मल्लम्मा ओतत होती. माती घटाघटा पाणी पीत होती.

"बाईनी सांगितलं, झाडाला घाल," ती म्हणाली.

साहेबरावांना राग आला. घागर उचलून तशीच आत न्यावी आणि सरांच्या पानासमोर आदळावी असा राग. पण अहवाल सरांच्या पिशवीत होता आणि त्याच्यावर सही नव्हती. सहा वर्षं त्या सहीसाठी गेली होती. त्यांनी हात धुतले आणि पानावर येऊन बसले.

"ही डाळ आमच्या साहेबरावांच्या घरची बरं का," सर परीक्षकांना अभिमानाने सांगत होते. परीक्षकांनी वरण दोनदा मागून घेतलं. सुपारी झाली, सह्या झाल्या, सरांनी मिठी मारली. साहेबराव रिकाम्या घागरी घेऊन घरी आले.

सरजाबाई दारातच होती. "झाला डाक्टर?"

"हाव."

"पानी पुरलं?"

"पुरलं. सगळ्यायनी पिलं. ग्वाड हाय म्हन्ले."

म्हातारीचा चेहरा असा फुलला की साहेबरावांना बघवेना. "मंग परवा टँकर आला की अजून एक घागर पोचवते सरायला. उन्हाळा सरंपर्यंत देऊ. आपल्याला एका घागरीत भागतंय."

आता मात्र साहेबरावांचं खोटं त्यांच्याच गळ्याशी आलं. आईला उन्हात सरांच्या मोगऱ्यासाठी भांडताना ते बघू शकले नसते.

"नगं नेऊ. झाडाला घातलं त्यायनं."

सरजाबाई पुढे झाली. तिने घागरी घेतल्या, पदराने त्यांच्या बुडाची माती पुसली, कोरलेल्या नावातलीही पुसली.

"डाळ खाल्ली का?"

"खाल्ली."

"म्हंजी कोरडं चालतंय आपलं." तिने घागरी उतरंडीजवळ उपड्या घातल्या. मग त्यांच्याकडे न बघताच विचारलं, "आन् तू कुठलं पिलास तितं?"

साहेबराव सरांच्या आडाचं प्याले होते. वाळा घातलेलं गार पाणी होतं, आणि काकूंनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी पेला पुढे केला होता.