काळ्या बाकाची रिकामी बाजू

मित्रांनो, मी एक लाकडी बाक आहे, आणि खरं सांगायचं तर नवा मी कधी नव्हतोच. वसईच्या पाचूबंदरला एक म्हातारी होडी मोडीत निघाली, तिच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. डांबर आणि माशांचं तेल पिऊन त्या फळ्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या. दुसऱ्या कुणी त्या चुलीत घातल्या असत्या. पण रुफसने त्या बैलगाडीतून घरी आणल्या, होड्या बांधणाऱ्या गॅब्रिएलकडून हत्यारं मागून घेतली आणि स्वतःच्या हातांनी मला घडवलं.

हा रुफस अमेरिकेतला कृष्णवर्णीय चित्रकार. त्याची आई चिंध्या जोडून सुंदर गोधड्या शिवायची, रंग जुळवायला तो तिच्याकडूनच शिकला. त्याच्या गावात काळ्या माणसाने गोऱ्यांच्या शेजारी बसायचं नाही, असा कायदाच होता. म्हणून तरुणपणीच त्याने देश सोडला. पॅरिसला चित्रं काढली, मग कापडावरच्या नक्षीचा नाद लागून तो मुंबईला आला आणि चौऱ्याहत्तर साली वसईत इनेझबायच्या घरामागची खोली भाड्याने घेऊन राहिला. इनेझबाय विधवा, केळीची वाडी एकटीने सांभाळणारी. घरभाड्यापेक्षा तिला घरात माणूस असल्याचा आधार जास्त होता.

जवळच्याच सातिवलीतल्या एका कापड-छपाई कारखान्यासाठी रुफस पडद्यांच्या आणि चादरींच्या नक्षी काढी. केळफूल, जाळ्याची वीण, होडीचं पुढचं टोक असं रोजचंच काहीतरी तो कागदावर अशा काही ढंगाने मांडी, की मुंबईची मोठी हॉटेलं त्याचे पडदे मागवत. कारखान्याचे मालक दिवाकरशेठ पाहुण्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं कौतुक करत. संध्याकाळी मात्र तो एसटीने परत येई आणि पाव आणि तळलेला बोंबील एकटाच खाई.

त्याच्या आईच्या पडवीत एक लांब बाक होता. दिवस मावळला की शेजारीपाजारी न बोलावता येऊन त्यावर बसत. तशीच बैठक इथंही जमावी म्हणून त्याने मला वाटेच्या कडेला मांडलं. मी लांब, अरुंद, बिनपाठीचा. मला चकाकी येईपर्यंत त्याने घासलं होतं, आणि मला स्वतःचा थोडा गर्वही झाला होता. रुफस रोज माझ्या एका टोकाला बसे आणि दुसरी बाजू मोकळी ठेवी.

ती मोकळीच राहिली, मित्रांनो. लोक वाईट नव्हते. येताजाता थांबून ‘जेवलास का’ म्हणून विचारत. पण बस म्हटलं, की कुणाचा गुडघा धरलेला असे, कुणाचं दूध चुलीवर असे. नाताळात शेजारची इझाबेल सांदणांचं ताट घेऊन आली, तीही उभ्या उभ्या देऊन गेली. एका टोकाला मी झिजून गुळगुळीत झालो, दुसऱ्या टोकावर धूळ साचत राहिली. रुफस आपल्या हातांच्या कातडीकडे बघत बसे. तो काय विचार करतो ते मला कळत होतं, पण लाकडाला तोंड कुठलं?

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग एका संध्याकाळी त्याने इनेझबायला सांगितलं, की पॅरिसला काम मिळालंय, खोली सोडतो. ती म्हणाली, काही चुकलं का आमचं?

"इनेझबाय," तो मोडक्या मराठीत म्हणाला, "माझ्या गावात माझ्या शेजारी कोणी बसत नव्हतं. इथं पण तेच. मी काळा आहे म्हणून."

इनेझबाय पदराशी चाळा करत राहिली. मग एकदाची बोलली. "तुज्या रंगाचं काय नाय रे. या बाकाचं हाय. चर्चमदे मयताची पेटी असल्याच काळ्या बाकावर ठेवतात. माज्या नवऱ्याला, सॅन्टनला पन तसाच ठेवला व्हता."

मी गारठलो. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणून सगळे मला चुकवत होते तर! आणि रुफस? सात समुद्र ओलांडून आलेलं जुनं दुःख उगाळत तो बसला होता, आणि कारण त्याच्याच बुडाखाली होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मग सांगितलं का नाही?" त्याने विचारलं.

"तू रोज त्याच्यावरच बसलेला. जित्या मानसाला मरनाचं कसं सांगायचं?"

रुफस हसायला लागला आणि हसता हसता रडला. इनेझबायने छातीवर क्रुसाची खूण केली, माझ्या रिकाम्या बाजूची धूळ पदराने पुसली आणि ती माझ्यावर बसली.

पण पॅरिसच्या कामासाठी त्याने शब्द दिला होता, तिकीट निघालं होतं. उरलेल्या संध्याकाळी ती रोज येऊन बसली, आणि एक दिवस तो गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं ती एकटीच येऊन बसे. रुफसच्या टोकाला कधी बसली नाही. आता तीही राहिली नाही. माझ्यावर नारळ आणि सरपण रचलेलं असतं. एक पाय वाळवीने खाल्लाय.

मला रंग द्या, असं मी म्हणत नाही. पण मित्रांनो, कुणी एकटं माणूस जागा ठेवून बसलेलं दिसलं, तर जाऊन बसा. बसवत नसेल, तर का बसवत नाही ते त्याला तोंडावर सांगा. तुम्ही गप्प राहिलात, तर ते माणूस कारण आपल्याच अंगात शोधत राहतं.