पुढच्या चाकातला हिरवा गोळा

"बाई, ही स्कूटर शेवटची कधी चालवलीत?" गुडघ्यांवर बसून मी विचारलं.

"काल," प्रिडलबाई म्हणाल्या. "बेकरीपर्यंत. रोज जाते की मी."

"मग चाकात हवा कशी नाही?"

"रात्रीत गेली असेल."

मी जॅकवर उचललेलं पुढचं चाक हातानं फिरवलं. अर्धा फेरा झाला आणि ते झुलत मागे येऊन थांबलं, जड बाजू खाली. टायर उचकटून ट्यूब कापली, तर आत तळाशी हिरवा गोळा, शिळ्या जेलीसारखा. रोज फिरणाऱ्या चाकात पंक्चर बुजवणारं सीलंट आतून सगळीकडे पसरून राहतं आणि सराट्याचा काटा घुसला की भोकात जाऊन बसतं. उभ्या गाडीत ते खाली साचतं आणि सुकतं. हा गोळा काही कालचा नव्हता.

आमच्या नदीकाठच्या गावात सराट्यांना तोटा नाही. दारातून टपालपेटीपर्यंत गेलात तरी चपलेच्या तळाला चार घेऊन परत येता. पूर्वी मी द्राक्षमळ्यांचे पंप दुरुस्त करायचे. गुडघे बोलायला लागल्यापासून गावातल्या म्हाताऱ्यांच्या बॅटरीच्या चारचाकी स्कूटरी बघते आणि चाकांत सीलंट भरते. त्यात विशेष काही नाही. नळीनं औषध पाजण्यासारखं काम आहे.

आदल्या दिवशी बाईंच्या मुलाचा, रसेलचा, अ‍ॅडलेडहून फोन आला होता. "आई स्वतःची स्वतः बाहेर पडते तोवर घरात राहील, असं आमचं ठरलंय. नाहीतर इथल्या वृद्धाश्रमात ऑगस्टपासून खोली मिळतेय. जेनीन, तू गाडी बघ आणि मला खरं काय ते सांग."

"बाई, काल नाही गेलात तुम्ही."

 त्या आपल्या शेडमधल्या स्टुलावर बसल्या.

"जानेवारीपासून नाही. वाइनरीच्या वळणावर हवा गेली. भर उन्हाळा, चव्वेचाळीस डिग्री होतं. दोन तास बसले होते उन्हात. पाणी संपलं. टपालवाली आली म्हणून वाचले. तिच्या गाडीतून घरी आले, स्कूटर पण तिनंच आणून टाकली."

"मला का नाही कळवलंत?"

"तू रसेलला सांगितलं असतंस. टपालवालीलाही मी शपथ घातली होती."

"आणि वाणसामान?"

"फोनवर मागवते. बाहेर पडायचं म्हटलं की ते वळणच दिसतं, जेनीन."

बाटलीवर सीलंट दोन वर्षं टिकतं असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यानं आमच्याकडचं पत्र्याचं शेड पाहिलेलं नाही. इथल्या एका उन्हाळ्यात ते सुकतं, हे मला पुरतं ठाऊक आहे आणि सगळ्यांचं मी दर नोव्हेंबरात बदलते. गेल्या नोव्हेंबरात बाईंकडे आले तेव्हा मला घाई होती. बाटलीवरची तारीख बघितली आणि म्हटलं, अजून वर्षभर बघायला नको, आता पंक्चर विसरा. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी होती, बाई. तेव्हाच बदलायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात, तिसरीतही तू प्रश्न पुरता न वाचता उत्तर लिहायचीस."

चारही चाकांत नव्या ट्यूब घातल्या, व्हॉल्व्हच्या पिना काढून सीलंट भरलं, हवा मारली. "आता लगेच पाच किलोमीटर चालवायला हवी, म्हणजे ते आत पसरेल."

गाडी मलाही फिरवून आणता आली असती. मी तसं म्हटलं नाही. बाई घरात गेल्या, टोपी घालून आल्या आणि बसल्या. मी शेजारून चालत राहिले. वाइनरीच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली.  मी मळ्याकडे बघत उभी राहिले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रसेल. "काय, चालवते ना आई?"

एक 'हो' म्हटलं की भागलं असतं. तो माझ्या ओठांवर आलाही होता. पण बाईंनी हात पुढे करून फोन घेतला.

"मी बोलतेय. जानेवारीपासून घराबाहेर पडले नव्हते. तुला खोटं सांगत होते. आज पडले आहे. नाही, तिनं नाही बोलायला लावलं. ठरलं होतं ते ठरलं होतं, रसेल. खोली घेऊन ठेव."

फोन त्यांनी बंद करून परत दिला.

"बाई, मी 'हो' म्हणणार होते."

"माहीत आहे. म्हणून तर घेतला. चाळीस वर्षं कॉपी करणाऱ्या पोरांना मी शून्य दिलंय."

मग आम्ही बेकरीत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "अय्या, कुठं होतात इतके दिवस?" बाई म्हणाल्या, "घाबरून घरात बसले होते." आणि व्हॅनिला स्लाइस मागितला.

ऑगस्टला, म्हणजे त्यांच्या जाण्याला, तीन आठवडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या शेडचं दार उघडत होते, तेव्हा त्या रस्त्यानं येताना दिसल्या. टोपी घातलेली, पाठ ताठ. एकट्याच. मी हात केला. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांचे दोन्ही हात हँडलवर घट्ट आवळलेले होते.